सतरा महिने आठ दिवस

२१ डिसेंबर २०२१ रोजी लोकसभेत एक विधेयक मांडले गेले. मुलींच्या विवाहाचे किमान वय अठरावरून एकवीस करावे, असा त्यात प्रस्ताव होता. विधेयक तिथल्या तिथे संमत झाले नाही. ते संसदेच्या स्थायी समितीकडे गेले. शिवाय पुढे कधी कायदा झालाच, तरी वयाची तरतूद त्यानंतर दोन वर्षांनी लागू होईल, असे त्याच मसुद्यात लिहिलेले होते. धाराशिव जिल्ह्यात, तेरपासून दोन फाटे पुढे, तेरणेकाठच्या एका गावात यातली एकवीस वयाची गोष्ट पोहोचली. समितीची अर्धी पोहोचली आणि दोन वर्षांची पोहोचलीच नाही. पारावर जे बोलले जात होते ते एवढेच, की आता पोरीचे लग्न एकविसाच्या आत केले की जेल.

त्या हिवाळ्यात गावात सात लग्ने उरकली गेली. त्यांतली किती या बातमीमुळे लवकर झाली, हे सांगणे अवघड आहे. विचारले तर कोणी स्थळ चांगले होते म्हणतो, कोणी टाळेबंदीत थांबलेले कार्य म्हणतो. अंगणवाडीच्या सेविका प्रेमाबाई मात्र त्यातल्या एका लग्नाबद्दल ठामपणे सांगतात. कारण त्या लग्नाचा विचार त्यांच्यासमोर, अंगणवाडीच्या उंबऱ्यावर बोलून दाखवला गेला होता.

जानेवारीचा पहिला आठवडा होता. मुलांचा शिधा वाटून झाला होता. प्रेमाबाई चष्मा कपाळावर चढवून मोबाइलमध्ये मुलांची वजने भरत बसल्या होत्या. वजने आता वहीत नव्हे, मोबाइलमध्ये भरायची असा नियम नुकताच आला होता आणि मोबाइल दर दोन नावांनंतर गप्प होत होता. अण्णाराव आला. उंबऱ्याच्या बाहेरच उकिडवा बसला.

‘‘बाई, शिवकन्याचं कागदावर वय किती हाय?’’

‘‘अठरा झालं की. जूनमधी एकोणीस पुरं.’’

‘‘मग आपल्या अंगावर कायदा येत न्हाय.’’

‘‘आजचा न्हाय येत. पण पोरगी कॉलेजात जातीया, अण्णाराव. रोज जीपनं धाराशिवला जाती-येती, तिचं काय?’’

‘‘कॉलेज नळदुर्गात बी हाय. पाव्हणे म्हणत्यात, शिकवू. उद्या एकवीसचं झालं म्हंजे तीन वरीस अजून थांबायचं. पाव्हणे थांबत्याल का? हायवेला धाबा हाय त्यांचा, पोरगा रणधीर एकटा हाय.’’

अण्णारावने ‘वय किती’ असे विचारले नव्हते. ‘कागदावर किती’ असे विचारले होते. तो गेल्यावर प्रेमाबाईंनी मोबाइल उलटा ठेवला आणि बराच वेळ त्यांनी एकही वजन भरले नाही. शिवकन्याचे कागदावरचे वय कोणी वाढवले होते, हे गावात तिघांना ठाऊक होते. त्यांतले धोंडप्पा गुरुजी आदल्या वर्षी करोनात गेले. उरले दोघे, आणि ते आत्ताच समोरासमोर बसून बोलले होते.

प्रेमाबाईंची स्वतःची जन्मतारीख कागदोपत्री १ जून १९६३ आहे आणि ती खरी नाही. त्यांची आई सांगत असे, ज्वारीचे खळे चालू होते तेव्हाचा तुझा जन्म. खळे जूनमध्ये नसते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी शाळा उघडण्याचा महिना लिहून टाकला, जसा त्या काळी निम्म्या गावाचा लिहिला. १९७८च्या उन्हाळ्यात, नववीची परीक्षा झाल्यावर त्यांचे लग्न झाले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला मुलींच्या लग्नाचे वय पंधरावरून अठरावर गेले. सासरे पुढे कित्येक वर्षे पाहुण्यांत सांगत, ‘‘चार म्हैने उशीर झाला असता तर सरकारनं सून अडवली असती.’’ सगळे हसत. प्रेमाबाई चहा देऊन आत जात.

१९८८मध्ये त्या अंगणवाडीत लागल्या आणि त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला. गावात मूल जन्मल्याची बातमी कळली की त्याच दिवशी काटा आणि वही घेऊन घरी जायचे. काटा आढ्याला अडकवायचा, बाळाला झोळीत घालायचे, वजन वाचायचे. आणि वहीत तारीख, वेळ, वजन, नाळ कोणी कापली ते, असे चारही रकाने तिथेच भरायचे. घरी येऊन, आठवून, कधीच लिहायचे नाही. ‘‘माझी तारीख कुणी लिहिली न्हाय,’’ त्या मदतनीस बाईला म्हणत, ‘‘ह्यांची मी लिहिणार.’’ ग्रामपंचायतीत नोंद राहिली, शाळेत चुकली, तरी प्रेमाबाईंच्या वहीत खरी तारीख सापडते, असा गावात बोलबाला होता. भरलेल्या वह्या त्या फेकत नसत. पत्र्याच्या एका पेटीत, सालाच्या क्रमाने, दोऱ्याने बांधून ठेवीत.

२००४च्या वहीत नोंद होती: अण्णाराव व कमलबाई यांची दुसरी मुलगी, ९ नोव्हेंबर, सकाळी सहाच्या सुमारास, घरी, वजन २ किलो ४०० ग्रॅम. ग्रामपंचायतीत या जन्माची नोंद राहूनच गेली. कमलबाईला इसवी सन सांगता येत नसे, पण वसुबारसेच्या सुमाराची पोर, एवढे ती आजही सांगते.

आता २००९च्या जूनची गोष्ट. शिवकन्या साडेचार वर्षांची. तिची मोठी बहीण शिवांजली तिसरीत जाणारी. अंगणवाडी बाराला सुटे. आई-बाप रोजगाराला जात. मग दुपारभर धाकटीला सांभाळायला कोण, तर शिवांजली. सुट्टीआधीचे दोन महिने ती शाळेतच आली नव्हती. कधी आलीच तर धाकटीला कडेवर घेऊन येई आणि ती वर्गात रडली की दोघी उठून घरी जात. प्रेमाबाईंनी कमलबाईला दोनदा समजावले, एकदा रागावल्या. कमलबाई एवढेच म्हणाली, ‘‘तुमी सांभाळा मग.’’

धोंडप्पा गुरुजींचे दुखणे वेगळे होते. पट दोनने कमी भरत होता आणि दुसरा शिक्षक जाण्याची वेळ आली होती. ते स्वतःच अंगणवाडीत आले.

‘‘धाकटीला पहिलीत घालतो. म्हणजे थोरली पण येते. तुम्ही वयाचा दाखला द्या.’’

‘‘गुरुजी, पाचाला पाच म्हैने कमी हायेत.’’

‘‘मग पाच महिने पुढे न्या.’’

प्रेमाबाईंनी कागद घेतला. गुरुजींनीच त्यांचा हात थांबवला. ‘‘बाई, पाच महिने दिले तर बरोबर काठावर बसते पोर. काठावरचं वय साहेबाच्या डोळ्यांत येतं. सहा पुरे दाखवा. एक जून, दोन हजार तीन. कोणी विचारणार नाही.’’

‘‘आन् पोरगी साडेचाराची दिसती त्याचं काय?’’

‘‘बुटकी आहे म्हणू. बाप तरी कुठं उंच आहे?’’

दोघेही हसले. प्रेमाबाईंनी दाखला लिहिला. खऱ्या तारखेपासून शाळेच्या तारखेपर्यंत सतरा महिने आठ दिवसांचे अंतर पडले. गरज पाच महिन्यांची होती. उरलेले वर्ष निव्वळ सावधगिरीचे होते. त्यांनी वहीतली नोंद मात्र तशीच ठेवली, तिला हात लावला नाही. त्या दिवशी त्यांना अपराधी वाटले का? त्या स्वतः सांगतात, नाही वाटले, बरे वाटले. दोन्ही बहिणी सोमवारी शाळेत आल्या. शिवांजली पुढे दहावी झाली. शिवकन्या वर्गात सगळ्यांत लहान, पण पहिल्या तिघांत असे, आणि कागदावर अठराची होण्याच्या सुमारास बारावीही झाली. प्रेमाबाई तिचा निकाल ऐकून म्हणाल्या होत्या, की आपल्या हातून आयुष्यात एक खोटे झाले, पण ते कारणी लागले.

जानेवारी २०२२मध्ये त्यांनी बोटांवर हिशेब केला. पोरगी खरी सतराची. गुरुजींचे ऐकून वर्षभर जास्त वाढवले नसते, फक्त पाच महिने वाढवले असते, तर कागदावरही तिला अठरा पुरी झाली नसती आणि हे लग्न ग्रामसेवकानेच अडवले असते. हा हिशेब त्यांनी पुन्हा पुन्हा केला. दर वेळी उत्तर तेच आले.

शिवकन्या एकदा त्यांच्याकडे आली. कॉलेजची पिशवी खांद्याला होती, जीप चुकली होती. म्हणाली, ‘‘बाई, तुमी बाबांशी बोला. तुमचं ऐकत्यात ते.’’

‘‘बोलले मी.’’

‘‘एकदाच बोललात.’’

प्रेमाबाईंनी तिला पाणी दिले. वहीतली तारीख सांगायची तर त्याच क्षणी सांगता आली असती. त्यांनी सांगितले, ‘‘पाव्हणे शिकवू म्हणत्यात, बघू.’’ पोरीने पेला पालथा घातला आणि ती उठून गेली.

बालसंरक्षणाची एक गाव समिती असते. सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक आणि प्रेमाबाई तिच्यावर होत्या. फेब्रुवारीत बैठक झाली. ग्रामसेवकाने शिवकन्याचा शाळा सोडल्याचा दाखला वाचून दाखवला, वय अठरा वर्षे आठ महिने. मग म्हणाला, ‘‘बाई, तुमच्या वहीशी एकदा ताडून बघू. तुमची वही म्हणजे पक्की. परवा येतो.’’ त्याने हे आदराने म्हटले होते.

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, दार लावून, प्रेमाबाईंनी पेटी उघडली. दाढीच्या ब्लेडने २००४ची ती ओळ खरडली. नऊचा एक केला, अकराचा सहा, चारचा तीन. २००४च्या वहीत २००३ची ओळ कशी, याचा विचार त्यांनी केला नाही. शाई वेगळी दिसत होती म्हणून वर बोटाने थोडी धूळ चोळली. चौतीस वर्षांत त्या वहीत केलेली ही पहिली खाडाखोड.

ग्रामसेवक परवा आला नाही. तेरवाही आला नाही. त्याला दुसऱ्या गावचा भार होता. वही पाहण्याचे तो विसरून गेला. पुढच्या आठवड्यात, मुलगी सज्ञान असल्याच्या ठरावाचा कागद घरपोच आला, तेव्हा त्यावर तिघांच्या सह्या होत्या आणि चौथी प्रेमाबाईंची हवी होती. त्यांनी केली. मांडवात त्या गेल्या, अक्षता टाकल्या, जेवल्या. बोहल्यावरून शिवकन्याने एकदा त्यांच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात काय होते, हे प्रेमाबाई अजून ठरवू शकलेल्या नाहीत.

त्याच वर्षी ऑक्टोबरात शिवकन्या सातव्या महिन्यात माहेरी आली आणि आठ दिवसांत तिचे बाळ पोटातच गेले. गरोदर बायांच्या यादीत तिचे वय एकोणीस होते. अठराच्या आतल्या मुलींकडे नर्सबाई जास्त खेपा घालतात. तशा मुलींच्या यादीत तिचे नाव नव्हते, असायला हवे होते. अठराला अजून काही दिवस कमी होते. वयामुळेच बाळ गेले, असे कोणी डॉक्टर म्हणाला नाही. वयाचा संबंध नव्हता, असेही कोणी म्हणाले नाही, कारण तसा प्रश्नच कोणाला पडला नाही. प्रेमाबाईंना पडला. त्या भेटायला गेल्या, कमलबाईजवळ बसल्या, शेंगदाण्याचा लाडू पोरीच्या हातावर ठेवला आणि उठून आल्या.

जून २०२४मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते विधेयक समितीतच असल्यामुळे आपोआप रद्द झाले. ज्या कायद्याच्या धास्तीने लग्न उरकले, तो कायदा झालाच नाही. गावात याची बातमी कोणी सांगितली नाही. प्रेमाबाईंना ती ऑगस्टात कळली, शिवकन्याकडून.

नागपंचमीचा दिवस. शिवकन्या माहेरी आली होती. हातावर मेंदी, अंगावर सासरची चांगली साडी. अंगणवाडीत शिरली आणि आढ्याला लटकणारा काटा पाहून म्हणाली, ‘‘बाई, अजून हाच का? माझं वजन करा बरं.’’

‘‘पंचवीस किलोच्या वर जात न्हाय तो. तुटंल.’’

‘‘मग बरं झालं. धाब्यावरच्या कणकीचं वजन करीत बसते मी, माझं कोण करणार.’’ ती खाली सतरंजीवर बसली, लहान मुलांच्या जागेवर. ‘‘बाई, माझा जलम कवाचा?’’

‘‘दाखल्यावर हाय तोच.’’

‘‘आई म्हणती वसुबारसेचा. दाखल्यावर जून हाय. वसुबारस जूनमधी येती का?’’

शिवकन्याच सांगत राहिली. नळदुर्गात कायद्याचे शिबिर झाले होते. धाराशिवच्या अलिजा वकीलबाई बोलायला आल्या होत्या. लग्नाच्या दिवशी मुलगी अठराच्या आत असेल, तर ते लग्न रद्द करून मागण्याचा हक्क तिला आहे; पण अठरा पुरी झाल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. पडलेल्या विधेयकात म्हणे ही मुदत पाच वर्षे करायची होती. आता ते नाही, म्हणून दोनच.

‘‘तुला मारतो का रणधीर?’’

‘‘न्हाय.’’

‘‘सासू?’’

‘‘सासू चांगली हाय. पहाटे पाचला कणीक मळायला आमी दोघी बसतो. तिला बी झोप येती, मला बी.’’

‘‘पितो का तो?’’

‘‘न्हाय हो बाई.’’

‘‘मग का सोडायचं?’’

शिवकन्याने मेंदीच्या बोटांनी सतरंजीचा धागा ओढला. ‘‘मला तिथं ऱ्हायचं न्हाय. कॉलेजचं नाव काढलं की म्हणत्यात, गल्ल्यावर बस, तितकं शिक्षण पुरं हाय. वाईट म्हणून न्हाय म्हणत ते. त्यांना खरंच तसं वाटतं. वकीलबाईंना मी विचारलं, कारण काय लिहायचं? त्या म्हणाल्या, ह्या अर्जाला कारण लागत न्हाय. वय लागतं.’’ मग म्हणाली, ‘‘तुमच्या वहीत काय हाय ते सांगा फक्त.’’

प्रेमाबाई म्हणाल्या, ‘‘वहीत एक जून दोन हजार तीन हाय.’’

हे खरे होते. त्यांनी स्वतः तसे केले होते. शिवकन्यापासून खरी तारीख दडवण्याची त्यांची ही दुसरी वेळ, आणि या वेळी शब्द अक्षरशः खरे असल्यामुळे ती पहिलीपेक्षा वाईट होती. शिवकन्याने वही दाखवा म्हटले नाही. ‘‘बरं,’’ म्हणाली आणि झोका खेळायला पोरींकडे गेली.

सप्टेंबरात, गौरी उठल्यावर, अण्णाराव आला. हातात ताज्या उडदाची पिशवी होती. ती त्याने कोपऱ्यात ठेवली.

‘‘पोरगी आली व्हती म्हणं तुमच्याकडं, तारीख विचारायला.’’

‘‘आली व्हती.’’

‘‘तुमी नीट सांगितलं. कमलनं सांगितलं मला. बाई, तुमच्यामुळं घर ऱ्हायलं माझं. पाव्हण्यांत तोंड दाखवायची सोय ऱ्हायली नसती.’’ त्याने हात जोडले. ‘‘तुमचं उपकार हायेत.’’

प्रेमाबाईंना गावाने आजवर पुष्कळदा दूषणे दिली होती. पोषण आहारात भुंगा निघाला म्हणून, इंजेक्शनने ताप आला म्हणून, कोणाच्या पोराचे वजन कमी लिहिले म्हणून. ती सारी त्यांनी सहन केली होती. हे मात्र सहन झाले नाही. अण्णाराव मनापासून आभार मानत होता. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. आपण त्याच्या बाजूला कधी जाऊन उभ्या राहिलो, हे त्यांना त्या जोडलेल्या हातांत दिसले.

‘‘उडीद घेऊन जावा,’’ त्या म्हणाल्या.

‘‘आसू द्या की. घरचं हायेत.’’

‘‘न्ह्या म्हणते ना.’’

अण्णाराव पिशवी उचलून गेला.

पेटी त्यांनी त्याच दिवशी उघडली. खरडलेली ओळ जिथे होती तिथेच होती, आणि आता कोणाच्याही डोळ्यांत येईल अशी पिवळी पडली होती. ती पुन्हा दुरुस्त करणे म्हणजे तिसरे खोटे. मग त्यांनी दुसरी वही काढली, दर महिन्याच्या वजनांची. खाडाखोड करताना या वहीची त्यांना आठवणच झाली नव्हती. नोव्हेंबर २००४च्या पानावर शेवटून दुसरे नाव: शिवकन्या अण्णाराव, २ किलो ४००. डिसेंबर, ३ किलो १००. जानेवारी, ३ किलो ९००. प्रत्येक पानाखाली तेव्हाच्या पर्यवेक्षिकेची सही आणि तारीख. त्या आधीच्या सतरा महिन्यांच्या पानांवर हे नाव कुठेच नव्हते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्या दोन्ही वह्या टॉवेलात गुंडाळून एसटीने धाराशिवला गेल्या. अलिजा वकील तिशीच्या आतली, बारीक आवाजाची. तिने वह्या हातात घेण्याआधी टेबल पुसले.

‘‘सतरा महिन्यांचं मूल अडीच किलोचं नसतं,’’ वजनांचे पान पाहून ती म्हणाली. ‘‘हे चांगलं आहे.’’ मग दुसरी वही उघडली, खरडलेल्या ओळीवर बोट ठेवले. ‘‘हे कोणी केलं?’’

‘‘मी.’’

‘‘कधी?’’

‘‘लग्नाच्या अगुदर. दोन हजार बावीसला.’’

‘‘आणि शाळेचा दाखला?’’

‘‘त्यो बी मीच दिला. गुरुजी म्हणले सहा पुरे दाखवा. पण हात माझा व्हता.’’

‘‘गुरुजींचं नाव पुढे करायचं का? ते हयात नाहीत, त्यांना त्रास नाही.’’

‘‘त्यांनी काय सांगितलं ते लिहा. केलं मी असं लिहा.’’

अलिजाने पेन खाली ठेवले. ‘‘आजी, नीट ऐका. नुसत्या वह्या दिल्या, तर समोरचा वकील म्हणेल, ही ओळ आत्ता खरडली. म्हणून प्रतिज्ञापत्र तुम्हालाच करावं लागेल. त्यात तुम्ही दोनदा खोटं केलं हे तुमच्याच सहीनं येईल. तुमच्या खात्यापर्यंत जाईल. तुमची नोकरी किती राहिली?’’

‘‘कागदावर चार वरीस.’’

‘‘गुन्हा पण होऊ शकतो. होईलच असं नाही.’’

‘‘पोरीची मुदत कवा संपती?’’

‘‘नऊ नोव्हेंबरला वीस पूर्ण. त्याच्या आत अर्ज पडला पाहिजे.’’

‘‘मग लिव्हा.’’

लिहायला दीड तास लागला. अलिजा एकेक वाक्य वाचून दाखवी आणि प्रेमाबाई त्यात दुरुस्त्या सांगत. ‘मुलीच्या शिक्षणाच्या हितासाठी’ असे एका ठिकाणी आले होते. ते त्यांनी काढायला लावले.

‘‘खोटं आहे का ते?’’ अलिजाने विचारले.

‘‘खरं हाय. पण ते वाचून मला बरं वाटतं. नगं ते.’’

शिवकन्याचा अर्ज १८ ऑक्टोबर २०२४ रोजी दाखल झाला. त्याआधी एकदा शिवकन्या वकिलाच्या कचेरीत आली, तिथे दोघी भेटल्या. प्रेमाबाईंनी सगळे सांगितले. दाखला, सतरा महिने, ब्लेड. पंचमीच्या दिवशीचे उत्तरही सांगितले. शिवकन्याने ऐकून घेतले.

‘‘म्हंजे त्या दाखल्यानंच मी शाळेत गेले,’’ ती म्हणाली.

‘‘व्हय.’’

‘‘आन् त्यानंच धाब्यावर.’’

शिवकन्या रडली नाही, रागावली नाही, पायाही पडली नाही. तिने वहीतले वजनांचे पान पुन्हा एकदा पाहिले, ‘‘लई बारीक व्हते की मी,’’ म्हणाली, आणि अलिजाकडे वळून पुढची तारीख कधी लागेल ते विचारू लागली.

गावात आता प्रेमाबाईंशी अण्णाराव बोलत नाही. कमलबाई विहिरीवर भेटली की थांबते, पण विषय काढत नाही. खात्याकडून खुलासा मागणारे पत्र आले आहे. त्याला प्रेमाबाईंनी तीन ओळींचे उत्तर दिले, त्यात एकही सबब नाही. रणधीरच्या बाजूने जबाब आला आहे, की मुलगी सज्ञान होती, शाळेचा दाखला सरकारी आहे, आणि आपल्याच खोट्याची कबुली देणाऱ्या बाईवर विश्वास का ठेवावा. हा शेवटचा प्रश्न प्रेमाबाईंना रास्त वाटतो. त्यांनी तसे अलिजालाही सांगितले.

प्रकरण अजून चालू आहे. न्यायालय त्या वजनांच्या पानाला किती किंमत देईल, हे ठाऊक नाही. गावातल्या इतर किती मुलींच्या शाळेच्या तारखा असेच दाखले देऊन ठरल्या, हे मोजलेले नाही. प्रेमाबाई एवढेच म्हणतात, की त्यांनी तसा दाखला एकदाच दिला, आणि हे पडताळून पाहण्यासाठी बाकीच्या वह्या शाळेच्या नोंदींशी कोणी ताडलेल्या नाहीत. शिवकन्याला आपले खरे वय लग्नाआधीच कळले होते का, आणि जीप चुकल्याच्या दिवशी ती तेच ऐकायला आली होती का, हे प्रेमाबाईंनी तिला विचारलेले नाही. त्यामुळे तेही ठाऊक नाही.